जुनी स्पोर्ट्स कार घेताना : आधी टायर, मग चाके, शेवटी हौस

वापरलेल्या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास आढळते : ‘गाडी फारच कमी धावलेली.’ ग्राहकाच्या दृष्टीने हीच सर्वांत मोहक गोष्ट असते. बारा-पंधरा वर्षांत जेमतेम वीस हजार किलोमीटर, एकच मालक, रंगाला ओरखडा नाही, चाके आरशासारखी लखलखीत आणि टायरच्या खाचा अजून खोल. अशी गाडी पाहिली की ती नव्यासारखीच आहे, असे मन सांगू लागते. प्रत्यक्षात कमी धावणे आणि सुस्थितीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन वापराने झिजते. रबर मात्र उभ्या-उभ्याही म्हातारे होते. दीडशे-दोनशेच्या वेगासाठी बांधलेल्या गाडीत हा फरक केवळ पैशांचा राहत नाही, तो जिवाचा होतो.

गोव्यात अशा गाड्यांची हौस नवी नाही. मुंबई, पुणे, बंगळूर किंवा दिल्लीत नोंदणी झालेली जुनी स्पोर्ट्स कार इथे आणायची, सुटीच्या दिवशी पहाटे ती बाहेर काढायची, हा छंद वाढतो आहे. मूळ किमतीच्या कितीतरी कमी पैशांत अशी गाडी मिळते, हे खरे. पण गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. म्हणूनच खरेदीपूर्वी टायर, चाके आणि कारखान्यातून बसवून आलेल्या जादा सुविधा या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडणे शहाणपणाचे ठरते. हा हिशेब कसा मांडावा, हे एका प्रत्यक्ष गाडीच्या उदाहरणावरून पाहू.

उदाहरणादाखल : पोर्शे केमन

जर्मनीच्या पोर्शे कंपनीने २००५ मध्ये ‘केमन एस’ आणि त्यापाठोपाठ साधी ‘केमन’ बाजारात आणली. छत उघडणाऱ्या ‘बॉक्सटर’ची ही बंद छताची बहीण. दोन आसने, इंजिन आसनांच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे, आणि ताकद फक्त मागच्या चाकांना, अशी तिची रचना. ‘९८७’ या अंतर्गत क्रमांकाने ओळखली जाणारी ही पिढी २०१२ पर्यंत चालली. २००९ मध्ये तिच्यात मोठी सुधारणा होऊन नवी इंजिने आली. भारतातील जुन्या गाड्यांच्या बाजारात ही पिढी अधूनमधून दिसते.

या गाडीला कंपनीने तीन मापांची चाके दिली होती : साध्या केमनला १७ इंची, ‘एस’ला १८ इंची आणि हौशी ग्राहकासाठी जादा पैसे भरून १९ इंची. पुढची आणि मागची चाके एकाच रुंदीची नाहीत. मागची अधिक रुंद आहेत. त्यामुळे टायरही पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे लागतात. आपल्याकडील नेहमीच्या गाडीप्रमाणे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे अशी अदलाबदल करून त्यांचे आयुष्य वाढवण्याची सोय इथे नाही. मागच्या टायरवर इंजिनाचा भार आणि सगळी ताकद पडते, म्हणून ते पुढच्यांपेक्षा लवकर झिजतात आणि जोडीनेच बदलावे लागतात.

टायरवरील अक्षरे काय सांगतात?

टायरच्या बाजूवर कोरलेला मजकूर म्हणजे त्याची जन्मपत्रिकाच. ‘२३५/४० झेडआर १८ ९१ वाय’ असे लिहिले असेल, तर टायरची रुंदी २३५ मिलिमीटर आहे. त्या रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९४ मिलिमीटर, ही त्याच्या साइडवॉलची उंची झाली. १८ हा चाकाचा इंचांतील व्यास. ९१ हा भारांक असून तो एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो भार चालेल, असे सांगतो. शेवटचे ‘वाय’ हे वेगाचे चिन्ह. त्याचा अर्थ ताशी ३०० किलोमीटर. ‘डब्ल्यू’ असेल तर २७०, ‘व्ही’ असेल तर २४०, ‘एच’ असेल तर २१० आणि ‘टी’ असेल तर १९०.

इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. गोव्याच्या रस्त्यावर तीनशेने कोण जाणार? मग स्वस्तातला ‘टी’ किंवा ‘एच’ टायर का चालू नये? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण वेगाचे चिन्ह केवळ वेगापुरते नसते. अधिक वेगासाठी बनलेल्या टायरची आतील बांधणी अधिक घट्ट आणि उष्णता सोसणारी असते. वळणावर गाडी झुकते तेव्हा, किंवा जोरात ब्रेक लागतो तेव्हा, तीच बांधणी उपयोगी पडते. गाडीचे सस्पेन्शन आणि ब्रेक ज्या टायरचा विचार करून जुळवले आहेत, त्यापेक्षा हलक्या दर्जाचा टायर बसवला की सारी जुळणी बिघडते.

पोर्शेच्या टायरवर आणखी एक खूण सापडते : ‘एन’ हे अक्षर आणि त्यापुढे शून्य, एक, दोन असा अंक. कंपनीने स्वतःच्या गाडीवर तपासून मान्य केलेल्या टायरची ही खूण आहे. बीएमडब्ल्यूसाठी अशा टायरवर तारा असतो, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’. ही खूण नसलेला टायर वाईटच असतो, असे नाही. पण चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे असावेत, हा नियम मोडू नये. पुढे एका कंपनीचे आणि मागे दुसऱ्याच कंपनीचे टायर दिसले, तर आधीच्या मालकाने देखभालीत काटकसर केली होती, असे खुशाल समजावे आणि इतर गोष्टींकडे अधिक बारकाईने पाहावे.

खाचा खोल, पण वय किती?

साइडवॉलवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार अंक असतात. ‘२३१४’ असे अंक असतील, तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. ही पूर्ण ओळ अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असते, आणि ती बाजू आतल्या अंगाला असेल तर बाहेरून दिसत नाही. अशा वेळी गाडी उचलून पाहावी. टॉर्च घेऊन गाडीखाली वाकण्यात कमीपणा नाही. चारही टायरचे अंक लिहून घ्यावेत.

रबर म्हातारे होते म्हणजे नेमके काय होते? हवेतील प्राणवायू आणि उष्णता यांच्यामुळे रबराची रासायनिक रचना हळूहळू बदलते, त्यातील मऊपणा टिकवणारी तेले कमी होतात आणि ते कडक होत जाते. ऊन आणि ओझोन यांच्यामुळे पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. त्यापासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरताना, दबताना ते पदार्थ पृष्ठभागाकडे येत राहतात. गाडी महिनोन्‌महिने उभीच असेल, तर हे घडत नाही. म्हणजे ज्या गाडीचे कमी फिरणे हा तिचा गुण म्हणून सांगितला जातो, तिच्याच टायरला त्या विश्रांतीचा त्रास होतो. शिवाय एकाच जागी भार पडून टायरचा तेवढा भाग सपाट होतो आणि गाडी चालू लागली की स्टीअरिंगला कंप जाणवतो.

टायरचे वय दुर्लक्षिले गेल्याचे जगभर चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे हॉलिवूडचा अभिनेता पॉल वॉकर याचा मृत्यू. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा इथे २००५ सालची पोर्शे कॅरेरा जीटी ही गाडी खांबावर व झाडांवर आदळून पेटली. वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र असे दोघेही त्यात मरण पावले. लॉस एंजेलिस परगण्याच्या शेरीफ कार्यालयाने मार्च २०१४ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला. अपघाताचे कारण वेग, असे तपास अधिकाऱ्यांनी सांगितले. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ८० ते ९३ मैलांनी, म्हणजे सुमारे १३० ते १५० किलोमीटरच्या वेगाने धावत होती. त्याचबरोबर गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे तिच्या हाताळणीवर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, हेही त्यांनी नोंदवले. गाडी महागडी होती, निगुतीने ठेवलेली होती आणि फार धावलेलीही नव्हती. टायर मात्र तिच्याएवढेच जुने होते.

टायर किती वर्षांनी बदलावेत, याबाबत उत्पादकांची मते थोडी वेगळी आहेत. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर खाचा कितीही खोल असल्या तरी बदल, असा सल्ला मोठ्या टायर कंपन्या देतात. काही वाहन उत्पादक सहा वर्षांचीच मर्यादा सांगतात. कडक ऊन, दमट हवा आणि वेगवान गाडी या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तिथे सहा वर्षांचा हिशेब धरणेच बरे. त्याहून जुने टायर असतील, तर ते गाडीसोबत मिळत नाहीत, असे समजावे. नव्या चार टायरची किंमत सौद्यातून वजा करण्याची मागणी त्याच वेळी करावी.

पावसाळ्याची परीक्षा

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. स्पोर्ट्स कारच्या टायरची खरी परीक्षा वेगात नाही, या पाण्यात होते. रस्त्यावर पाण्याचा थर साचला असेल, तर फिरणाऱ्या टायरला ते पाणी खाचांतून बाजूला फेकावे लागते. वेग वाढला आणि पाणी फेकणे त्याला जमले नाही, की टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. स्टीअरिंग हलके लागते आणि ब्रेकही काम करेनासा होतो. यालाच ॲक्वाप्लेनिंग म्हणतात.

अमेरिकेच्या ‘नासा’ने विमानांच्या चाकांवर केलेल्या प्रयोगांतून १९६३ मध्ये याचे एक सोपे गणित मांडले. टायरमधील हवेचा दाब ‘पीएसआय’मध्ये घ्यायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला नऊने गुणायचे, चाक ज्या वेगाला पाण्यावर तरंगू लागते, तो वेग नॉटमध्ये मिळतो. ३६ दाबाला हे उत्तर ५४ नॉट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर येते. २५ दाबाला ते ४५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर. मोटारीच्या टायरला हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही, कारण तिथे रुंदी, खाचांची खोली आणि पाण्याचा थर यांचाही वाटा मोठा असतो. पण त्यातील धडा लागू होतो : हवा कमी असेल, तर धोका कमी वेगातच सुरू होतो.

रुंदीचा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. टायर जितका रुंद, तितके अधिक पाणी त्याला बाजूला सारावे लागते, आणि गाडी हलकी असेल तर तो पाण्यावर लवकर चढतो. केमनचे वजन जेमतेम साडेतेराशे किलोच्या आसपास आणि मागचे टायर २६५ मिलिमीटर रुंद. कोरड्या रस्त्यावर हीच रुंदी तिची ताकद असते. भर पावसात झुआरी पुलावर किंवा राष्ट्रीय महामार्ग ६६ वर तीच तिची दुबळी बाजू ठरते.

कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे हीच मर्यादा दाखवतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की टायर बाद. पण ही कायद्याची शेवटची रेषा आहे, सुरक्षिततेची नव्हे. पावसाळ्यापूर्वी तीन मिलिमीटरपेक्षा कमी खाच उरली असेल, तर रुंद टायर बदलून टाकावेत. शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेले, खाचा अगदी कमी असलेले टायर काही हौशी मालक बसवतात. ते गाडीला शोभतात आणि कोरड्या रस्त्यावर विलक्षण पकड देतात. गोव्याच्या जुलैत मात्र त्यांना जागा नाही.

फक्त दोनच नवे टायर घेणे परवडत असेल, तर ते मागे बसवावेत. पुढच्या चाकांची पकड सुटली, तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केल्यावर बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची पकड सुटली, तर गाडी स्वतःभोवती गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. केमनसारख्या गाडीत पुढचे-मागचे माप वेगळे असल्याने निवड करण्याचा प्रश्नच उरत नाही. तिथे मागची जोडी कधीही जुनी ठेवायची नाही, एवढेच ध्यानात ठेवावे.

१७, १८ की १९ इंच?

मोठे चाक दिसायला देखणे, यात वाद नाही. पण चाक मोठे झाले म्हणजे नेमके काय बदलते, हे आकड्यांतून पाहावे. केमनच्या १७ इंची चाकावर पुढे २०५/५५ मापाचा टायर येतो. त्याची साइडवॉल सुमारे ११३ मिलिमीटर. १८ इंची चाकावर २३५/४० चा टायर. साइडवॉल ९४ मिलिमीटर. १९ इंची चाकावर २३५/३५ चा टायर. साइडवॉल अवघी ८२ मिलिमीटर. मागच्या बाजूला २३५/५०, २६५/४० आणि २६५/३५ ही मापे. मागच्या तिन्ही टायरचा बाहेरचा एकूण व्यास मोजला, तर तो ६६७ ते ६६९ मिलिमीटरच्या दरम्यान येतो. म्हणजे चाक वाढले तरी टायरचा घेर जवळपास तेवढाच राहतो. वाढते ते धातूचे कडे, घटते ती रबराची आणि हवेची गादी.

खड्ड्यात चाक आदळते, तेव्हा धातूचे कडे आणि रस्ता यांच्यामध्ये उभी असते ती हीच गादी. १७ आणि १९ इंचांत तिचा फरक तीस मिलिमीटरचा, म्हणजे तीन बोटांच्या आत-बाहेर. पावसाळ्यानंतर उखडलेल्या रस्त्यावर, चोर्ला किंवा अनमोड घाटातील तुटलेल्या कडांवर आणि न रंगवलेल्या गतिरोधकांवर चाक वाकणार की वाचणार, हे या तीन बोटांवर ठरते. उंच साइडवॉलची किंमत म्हणून वळणावर स्टीअरिंगचा प्रतिसाद किंचित सैल होतो. बहुतेकांच्या रोजच्या वापरात हा तोटा जाणवतही नाही.

गोव्यातील वापरासाठी १८ इंच हा मधला मार्ग सर्वांत व्यवहार्य दिसतो. साध्या केमनला मूळचीच १७ इंची चाके असतील, तर ती काढून मोठी बसवण्याची घाई करू नये. ‘एस’ला १८ ची १७ करण्याचा विचार असेल, तर आधी ब्रेक पाहावेत. मोठ्या ब्रेकवर लहान चाक बसेलच असे नाही. कॅलिपर आतून घासू शकतो.

टायर मिळण्याचा प्रश्नही निर्णयात धरावा लागतो. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आणले. त्यांच्या आयातीला परवाना लागू लागला. आपल्याकडे खप नसलेल्या मापाचे, त्यातही ‘एन’ खुणेचे टायर हवे असतील, तर थांबावे लागू शकते. म्हणून गाडीचा सौदा करण्यापूर्वी तिच्या पुढच्या-मागच्या दोन्ही मापांचे टायर देशात कुठे उपलब्ध आहेत, किती दिवसांत मिळतील आणि त्यांच्यावरील उत्पादनाचा आठवडा कोणता, हे विक्रेत्यांकडे फोन करून विचारावे. वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेला टायर नवा म्हणून विकला जाऊ नये, याची दक्षता ग्राहकानेच घ्यायची आहे.

चाक सरळ आहे का? अस्सल आहे का?

चाकाला बाहेरून रंग मारून चमक आणणे सोपे असते. खरी स्थिती आतल्या बाजूला दिसते. चारही चाके उतरवून आतील कडेवर चेप, बारीक तडा किंवा वेल्डिंगची खूण आहे का, ते पाहावे. नंतर प्रत्येक चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून ते डोलते का, हे तपासावे. वाकलेले चाक काही प्रमाणात सरळ करता येते. तडा गेलेले चाक वेल्ड करून वेगवान गाडीला बसवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. पावडर कोटिंग केलेले असेल, तर ते कुणी केले, हेही विचारावे. प्रमाणाबाहेर तापवल्याने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद कमी होते.

समुद्राकाठच्या गाडीची एक वेगळी व्यथा असते. खारी हवा चाकाच्या पारदर्शक लेपाखाली शिरते आणि कडांपासून पांढुरके डाग पसरू लागतात. चाक आणि पोलादी हब जिथे एकमेकांना टेकतात, तिथे दोन वेगवेगळ्या धातूंमुळे गंज धरतो आणि चाक हबला चिकटून बसते. वर्षातून एकदा तरी चाके उतरवून हबचा पृष्ठभाग साफ करून घ्यावा. ऐन रस्त्यात पंक्चर झाल्यावर चाक निघत नाही, ही वेळ त्यामुळे टळते.

चाके मूळची नसतील, तर मापांची जुळणी तपासणे अत्यावश्यक ठरते. पोर्शेच्या चाकाला १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट असतात आणि मधले छिद्र ७१.६ मिलिमीटरचे असते. बोल्टच्या डोक्याखालचा भाग गोलाकार असतो. बाजारातील अनेक चाकांना शंकूच्या आकाराचे बोल्ट लागतात. दोन्हींची सरमिसळ केली, तर बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण त्याचा संपर्क अपुरा असतो आणि तो सैल होऊ शकतो. चाक बाहेर दिसावे म्हणून मध्ये चकती, म्हणजे स्पेसर, घातला असेल, तर बोल्टही तेवढेच लांब हवेत. बोल्ट आवळताना हवेच्या गनवर विसंबू नये; या गाडीसाठी १३० न्यूटन-मीटर हे माप आहे आणि ते टॉर्क पान्यानेच साधावे.

नकली चाकांचा बाजारही मोठा आहे. दिसायला हुबेहूब, पण ओतकाम हलक्या दर्जाचे. अस्सल चाकाच्या आतल्या बाजूला भाग क्रमांक, रुंदी आणि ऑफसेट कोरलेले असतात. त्या क्रमांकाची पडताळणी अधिकृत सेवा केंद्रातून करून घेता येते.

जादा सुविधा : कोणत्या फायद्याच्या, कोणत्या डोईजड?

नवी गाडी घेणारा ग्राहक यादीतून सुविधा निवडतो. जुनी घेणाऱ्याला आधीच्या मालकाची निवड स्वीकारावी लागते. म्हणून ती निवड काय होती, हे कागदावर पाहावे. या पिढीच्या पोर्शेत पुढच्या झाकणाखाली आणि सर्व्हिस पुस्तिकेत एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर त्या गाडीला कारखान्यात बसवलेल्या प्रत्येक सुविधेचा संकेतांक छापलेला असतो. उदाहरणार्थ, ४७५ म्हणजे इलेक्ट्रॉनिक शॉक ॲब्सॉर्बर, ४५० म्हणजे सिरॅमिक ब्रेक, २२० म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा विशेष डिफरन्शिअल. विक्रेता जे सांगतो आणि चिठ्ठी जे सांगते, ते जुळते का, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

इलेक्ट्रॉनिक शॉक ॲब्सॉर्बर रस्त्यानुसार कडक वा मऊ होतात. खराब रस्त्यावर त्यांचा उपयोग होतो, पण त्यांच्यासह गाडी दहा मिलिमीटर खाली येते आणि ते गळू लागले तर बदलण्याचा खर्च साध्यांच्या कितीतरी पट असतो. सिरॅमिक ब्रेकची ओळख पिवळ्या कॅलिपरवरून पटते. त्यांच्या चकत्या ओतीव लोखंडाच्या चकत्यांच्या सुमारे निम्म्या वजनाच्या असतात, गंजत नाहीत आणि तापल्या तरी थकत नाहीत. मात्र त्या खराब झाल्या, तर नव्या चकत्यांच्या किमतीने खरेदीचा आनंद नाहीसा होईल. त्यांची झीज नुसत्या जाडीवरून कळत नाही; चकतीवर किमान वजन कोरलेले असते आणि ती काढून तोलावी लागते. शर्यतीच्या ट्रॅकवर न जाणाऱ्या मालकाला साधे ब्रेक पुरेसे आहेत.

रात्रीच्या प्रवासासाठी चांगले हेडलाइट आणि दीर्घ प्रवासाला साजेशी आसने या सुविधा मागाहून बसवणे कठीण आणि खर्चिक असते. त्या मूळच्याच असतील, तर त्यांचे मोल धरावे. उलट नकाशा दाखवणारी जुनी यंत्रणा, डॅशबोर्डवरचे शोभेचे घड्याळ किंवा कातड्याचे अधिकचे आवरण यांसाठी वाढीव किंमत मोजण्याचे कारण नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या नकाशाला आज खिशातला मोबाइल मागे टाकतो.

छत उघडणाऱ्या गाडीच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून पाहावी. छताच्या खाचांत साचणारे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबतात. बॉक्सटरच्या पहिल्या पिढीत हे पाणी आत शिरून आसनाखालच्या इलेक्ट्रॉनिक पेटीपर्यंत पोहोचते आणि गाडी सुरूच होत नाही. गालिचा हाताने दाबून ओल लागते का, हे पाहणे ही साधी परीक्षा आहे. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये सुटे चाक नसते. पंक्चर बुजवणारे द्रव्य आणि छोटा पंप असतो. त्या बाटलीवरची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे.

कायदा आणि कागद

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच तरतुदीवर बोट ठेवले. म्हणून कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांच्या बाहेर जाऊ नये. चाकाच्या कमानीबाहेर येणारे टायर तपासणीत अडचणीचे ठरतात, आणि अपघात झाल्यास न कळवलेल्या बदलांवरून विमा कंपनी वाद घालू शकते.

परराज्यातील गाडी असेल, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र म्हणजे नमुना २८, आणि मालकी बदलासाठी नमुना २९ व ३० लागतात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची असेल, तर तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि रस्ता कर भरावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते. २००५ ते २०१२ या काळातील गाडी घेणाऱ्याने हा दिवस जवळ आला आहे की उलटून गेला आहे, हे आधी पाहावे. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या जुन्या गाड्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. त्या स्वस्त दिसतात, पण कर आणि फेरनोंदणीचा खर्च मिळवल्यावर तो स्वस्तपणा किती उरतो, हे कागदावर मांडून पाहणे इष्ट.

खर्चाचा क्रम

हाती असलेले सगळे पैसे गाडीच्या किमतीतच घालणे, ही जुन्या स्पोर्ट्स कारच्या खरेदीतील सर्वांत महागडी चूक. एक हिस्सा बाजूला ठेवावा आणि तो ठरलेल्या क्रमाने खर्च करावा. पहिला मान टायरचा : चार नवे, एकाच नक्षीचे, योग्य भारांकाचे. दुसरा ब्रेकच्या द्रव्याचा आणि पॅडचा. कारण टायरची पकड ब्रेकशिवाय निरुपयोगी. तिसरा अलाइनमेंटचा, कारण ती बिघडलेली असेल तर नवे टायर काही हजार किलोमीटरमध्येच आतल्या कडेने झिजतील. त्यानंतर चाकांची दुरुस्ती किंवा रंग. आणि हे सगळे होऊन पैसे उरले, तरच मोठी चाके, वेगळा एक्झॉस्ट आणि बाकीची हौस.

स्पोर्ट्स कार कितीही देखणी असली, कितीही अश्वशक्तीची असली, तरी ती रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी. आणि त्यातील प्रत्येक जागा साधारण एका तळहाताएवढी. तीनशेचा वेग, सिरॅमिक ब्रेक, संगणकाचे नियंत्रण हे सारे त्या चार तळहातांच्या भरवशावर उभे असते. सौद्याच्या दिवशी ग्राहकाची नजर बॉनेटवरच्या चिन्हाकडे जाणे स्वाभाविक आहे. ती तिथून खाली उतरवून साइडवॉलवरचे चार अंक वाचायला एक मिनिट लागते, आणि गाडी घ्यावी की नाही याचे अर्धे उत्तर त्या एका मिनिटात मिळते.